मराठवाड्याच्या आमदार-खासदारांना अनावृत पत्र: गावाची विहीर राखणारा कायदा आहे, तो वापरा

मराठवाड्यातील सर्व सन्माननीय आमदार आणि खासदार यांस,

सप्रेम नमस्कार.

मी मांजरा खोऱ्यातल्या, बालाघाटाच्या उतारावरच्या एका लहान गावची शेतकरी. तीन एकर जमीन, दोन म्हशी आणि एका मुदतीत ग्रामपंचायतीची सदस्य म्हणून केलेलं काम, एवढीच माझी ओळख. आठ जिल्ह्यांच्या वतीनं आपण ४६ जण विधानसभेत आणि ८ जण लोकसभेत बसता. पक्ष वेगळे, झेंडे वेगळे, पण उन्हाळ्यात आपल्या सगळ्यांच्या निवेदनांत मागणी एकच असते: टँकर वाढवा. माझी मागणी वेगळी आहे, म्हणून हे पत्र उघड लिहिते आहे. ते आपण वाचावंच, पण आपल्याला मतं देणाऱ्यांनीही वाचावं.

आत्ता टंचाई नाही. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानं रानं खरवडून नेली, उभं सोयाबीन पाण्यात कुजलं, जनावरं दावणीला बांधलेली वाहून गेली. त्या नुकसानीचं दुःख अजून घराघरांत आहे. सध्या हरभरा फुलावर आहे, विहिरी काठोकाठ आहेत आणि रात्री उशिरापर्यंत शिवारात बोअरच्या गाड्यांचा आवाज येतो आहे. त्यातलीच एक गाडी आमच्या गावच्या सार्वजनिक विहिरीपासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली, तेव्हा आम्ही बायकांनी लेखी तक्रार दिली. ज्या कचेरीत गेलो, तिथं सांगितलं की खासगी जमिनीत कुणी बोअर घ्यावा, कुणी घेऊ नये, हे बघायचं काम आमच्याकडे येत नाही. दुसऱ्या टेबलावर पाठवलं, तिथं पोच मिळाली आणि ‘बघतो’ असं उत्तर मिळालं. बघेपर्यंत बोअर पाडून गाडी पुढच्या गावाला गेली होती.

आम्ही काही नवं मागत नव्हतो. महाराष्ट्रात १९९३ सालीच पिण्याच्या पाण्यासाठी भूजलाचं नियमन करणारा कायदा झाला. सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर घ्यायला त्यानं मनाई केली. पुढे २००९ चा भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम आला. त्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळून तो २०१४ पासून लागू झाला. शेती आणि उद्योगासाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे २०० फुटांपेक्षा खोल विहीर घेऊ नये, बोअर पाडणाऱ्या यंत्रांच्या मालकांनी नोंदणी करावी, अधिसूचित, म्हणजे सरकारनं त्यासाठी जाहीर केलेल्या क्षेत्रात पाणलोट क्षेत्र जलसंपत्ती समिती नेमावी, तिथं पाण्याच्या हिशेबानं पीक आराखडा करावा, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. २०१८ च्या जुलैत नियमांचा मसुदा हरकतींसाठी प्रसिद्ध झाला होता. यातलं काहीही आमच्या शिवारात दिसत नाही. आमच्या गावात येणारी प्रत्येक गाडी ४०० फुटांच्या खाली जाते, काही तर ८०० फुटांपर्यंत जातात, आणि हे सगळं राजरोस चालतं.

आपल्यापैकी बरेच जण स्वतः शेतकरी आहेत, तरी सांगते. आपला मराठवाडा काळ्या पाषाणावर वसलेला आहे. वर माती, खाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला खडक आणि मग अखंड कातळ. पावसाचं पाणी मुख्यतः मुरमात आणि वरच्या भेगाळ खडकात साठतं. आमची जुनी आडं, बारवा, विहिरी याच थरात खोदलेल्या आहेत. चाळीस-पन्नास फुटांचं ते पाणी दर पावसाळ्यात भरतं आणि जपून वापरलं तर उन्हाळा काढतं. कातळाच्या पोटात, दोन थरांच्या सांध्यात थोडं पाणी असतं, पण ते तिथं पोचायला वर्षानुवर्षं लागतात. पाच-सहाशे फुटांचा बोअर ते एक-दोन हंगामांत उपसून टाकतो. आणखी वाईट म्हणजे, केसिंग, म्हणजे भोक ढासळू नये म्हणून बसवायचा पाईप, फक्त वरच्या मातीपुरता टाकतात. त्याखाली बोअरचं भोक उघडंच राहतं. वरच्या थरातलं पाणी त्या भोकातून खाली उतरतं. म्हणून शेजारी बोअर पडला की विहिरीचं पाणी खाली जातं. पाणाड्यानं तळहातावर नारळ धरून जागा दाखवली, गाडीनं रात्रभर दगडाची पांढरी भुकटी उडवली, सहाशे फुटांवर दीड इंच पाणी लागलं, घरात पेढे वाटले गेले. त्याच आठवड्यात गावच्या विहिरीवर पोहऱ्याचा दोर पुरेना, म्हणून जुन्या कासऱ्याला गाठ मारून तो वाढवावा लागला. हे माझ्या डोळ्यांपुढे घडलेलं आहे. आणि हा प्रकार एका गावाचा नाही.

हातपंपांचंही तेच. सरकारनं गावोगावी पिण्यासाठी घेतलेले हातपंपाचे बोअर साधारण दोनशे फुटांचे. त्यांच्या चहूबाजूंनी पाचशे-सहाशे फुटांचे शेतीचे बोअर चालले तर हातपंप मार्चमध्येच कोरडा पडणार, यात आश्चर्य काही नाही. सरकारी पैशानं केलेला स्रोत खासगी उपशानं मरतो आणि मग सरकारी पैशानंच टँकर लावावा लागतो.

सासूबाई १९७२ चा दुष्काळ सांगायच्या. सुकडी खाऊन त्यांनी पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. त्या म्हणायच्या, तेव्हा दाणा नव्हता, पाणी होतं. आज रेशनवर धान्य मिळतं आणि पाण्यासाठी हंडे रांगेत लागतात. मधल्या पन्नास वर्षांत पाऊस काही इतका आटला नाही. मराठवाड्याची पावसाळ्यातली सरासरी ६८० मिलिमीटरच्या आसपास आहे. चढउतार वाढले, मोठे खंड पडू लागले, हे खरं. पण जमिनीखालचं पाणी उपसायची ताकद जितक्या पटीनं वाढली, तितकं पावसात काहीच बदललेलं नाही.

लातूरची रेल्वे आठवते का? २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून साडेतीनशे किलोमीटरवरून कृष्णेचं पाणी वाघिणींत भरून लातूरला आणलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी, ५ लाख लिटर. मांजरा धरण कोरडं होतं, आणि त्याआधीच मार्चमध्ये शहरात पाणी भरण्याच्या ठिकाणी १४४ कलम लावावं लागलं होतं. साऱ्या देशानं ते पाहिलं. लातूर जिल्ह्यातल्या खेड्यांत तेव्हा लोक हजार फुटांपर्यंत बोअर घेत होते आणि बहुतेक कोरडे जात होते. त्या पावसाळ्यात सप्टेंबरमध्ये धो धो पाऊस झाला, धरण भरलं आणि सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. पुढच्या वर्षी काय बदललं? माझ्या माहितीत तरी खोल बोअरला कुणी अडवलं नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात राज्यातले १५१ तालुके दुष्काळी जाहीर झाले. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर ४० तालुक्यांची यादी आली, त्यात मराठवाड्यातले १४ होते: अंबाजोगाई, धारूर, वडवणी, रेणापूर, वाशी, धाराशिव, लोहारा, जालना, अंबड, बदनापूर, भोकरदन, मंठा, सोयगाव आणि छत्रपती संभाजीनगर. नंतर महसूल मंडळांची लांबलचक यादी निघाली. यादीत नाव आलं की जमीन महसुलात सूट, कृषिपंपाच्या चालू वीज बिलात ३३.५ टक्के सूट, परीक्षा शुल्काची माफी, कर्जाचं पुनर्गठन आणि गरज तिथं टँकर मिळतो. या सवलती हव्यातच, त्या मिळवून देण्यासाठी आपण भांडलात, त्याबद्दल आभार. पण त्यातली एकही सवलत विहिरीत पाणी ठेवत नाही.

आता माझ्या तक्रारी.

पाणी जिरवण्यावर खर्च झाला, उपशावर कुणी बोललं नाही. जलयुक्त शिवारवर ९,६०० कोटींहून जास्त रक्कम खर्च झाली. २०२० मध्ये विधिमंडळात मांडलेल्या कॅगच्या, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांच्या अहवालानं सांगितलं की भूजलपातळी वाढवण्यात आणि गावांची पाण्याची गरज भागवण्यात त्याचा परिणाम फारसा दिसला नाही. मला या योजनेची चेष्टा करायची नाही. आमच्या गावात नाला खोलीकरण झालं आणि दोन वर्षं विहिरींना फरक पडला, हे मी स्वतः पाहिलं आहे. मग त्या वाढलेल्या पाण्यावर ऊस लागला, ऊस लागला म्हणून बोअर वाढले, आणि पाणी पहिल्यापेक्षा खाली गेलं. जिरवलेलं पाणी कुणी किती घ्यायचं हे ठरवल्याशिवाय आणखी चर खोदून गावाला प्यायला पाणी मिळणार नाही.

ऊस. यावर बोलायला आपल्यापैकी कुणी तयार नसतं, त्याची कारणंही सगळ्यांना ठाऊक आहेत. मोकळं पाणी सोडून घेतलेल्या उसाला दोन हजार ते अडीच हजार मिलिमीटर पाणी लागतं. आमच्याकडे पाऊस पडतो त्याच्या तिप्पट. बाकीचं पाणी कुठून येतं? धरणातून, आणि धरण नसेल तिथं सहाशे फुटांवरून. २०१७ च्या जुलैत मंत्रिमंडळानं टप्प्याटप्प्यानं उसाला ठिबक सक्तीचं करायचा निर्णय घेतला होता. २०१९ मध्ये तेव्हाच्या विभागीय आयुक्तांनी मराठवाड्यात ऊस लागवड बंद करावी, असा अहवाल शासनाला दिला होता. दोन्हीचं पुढे काय झालं ते आपण सभागृहात विचारावं. ऊस लावणाऱ्या शेतकऱ्याला मी दोष देत नाही. सोयाबीनला भाव मिळत नाही, कापसाला मजूर मिळत नाही, आणि कारखाना नेईल हे एकच पीक त्याला खात्रीचं वाटतं. तूर, हरभरा, ज्वारीला तीच खात्री मिळाली तर तो वेगळा विचार करील. ही खात्री देणं आपल्या हातात आहे.

नळ आला, पाणी आलं नाही. जलजीवन मिशनमध्ये माणशी रोज ५५ लिटर पाणी देण्याचं उद्दिष्ट आहे. २०२४ पर्यंत घरोघरी नळ पोचवायचे होते, आता मुदत २०२८ पर्यंत गेली. आमच्याकडे टाकी उभी राहिली, घरापुढे नळाची तोटी बसली, पण योजनेची विहीर जिथं घेतली, तिच्याभोवती पुढच्या दोन वर्षांत किती बोअर पडले हे कुणी मोजलं नाही. फेब्रुवारीनंतर तोटीतून आधी हवेची शीळ येते, मग तीही बंद होते. आणि टँकर लागला की हिशेब माणशी २० लिटरवर येतो. वीस लिटरमध्ये पिणं, स्वयंपाक, भांडी, बाळंतिणीचं न्हाणं, आजाऱ्याचं धुणं हे सगळं बसवून दाखवा, असं मी आपल्या घरच्या बायकांना विचारते. म्हशींचं पाणी तर वेगळंच लागतं.

टंचाईत सरकारनं पिण्याच्या पाण्यासाठी खासगी विहीर किंवा बोअर अधिग्रहित केला तर त्याचा मोबदला वेळेवर द्या, एवढंच त्याबद्दल सांगते. वर्ष-वर्ष पैसे अडकले की पुढच्या टंचाईत कुणी विहीर द्यायला पुढे येत नाही.

आमच्या भागातून दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांबद्दल एक गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी. कोयता घेऊन जोडपी पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली पोरं. विहीर मार्चमध्ये आटली की खेप कुणावर येते? बहुतेक वेळा तेरा-चौदा वर्षांच्या मुलीवर आणि गुडघे धरलेल्या आजीवर. परीक्षा मार्चमध्येच असते. आमच्या गल्लीतली एक पोर सकाळी शाळेत आली की तिच्या फ्रॉकचा खांदा ओला असायचा, कारण शाळेत येण्याआधी तिच्या दोन घागरी झालेल्या असायच्या. पुढच्या वर्षी ती शाळेत आली नाही. तिचं लग्न झालं होतं. परीक्षा शुल्क माफ करून तिचं काय भलं झालं असतं?

काही जण म्हणतील की बोअरवर बंदी आणली तर गरीब शेतकरी मरेल. मला हे उलट दिसतं. सहाशे फूट बोअर, वर पाणबुडी मोटार, पाईप, केबल आणि तो कोरडा गेला तर दुसरा, हे परवडतं कुणाला? तमिळनाडूतल्या तिरुचेंगोडहून आलेल्या गाडीला रोख पैसे मोजावे लागतात. ज्याच्याकडे ते आहेत तो खोल जातो आणि ज्याच्याकडे नाहीत त्याची पन्नास फुटांची विहीर आटते. मग तोही सावकाराकडून पैसे काढून स्पर्धेत उतरतो. एका बोअरच्या कर्जात दोन पिढ्या अडकलेली घरं मी नावानिशी सांगू शकते, पण त्यांची नावं इथं लिहिणार नाही. आमच्याही शेतात बोअर आहे, तो २०० फुटांच्या आत आहे. मर्यादा सगळ्यांना सारखी असेल तर त्या मर्यादेत पाणी टिकेल. मर्यादा कुणालाच नाही, म्हणून टिकत नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे गावपातळीवर करून दाखवलं. शेतीसाठी बोअर घ्यायचा नाही असं गावानं ठरवलं, दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. आपण नेते मंडळी तिकडे अभ्यासदौरे नेता आणि आम्हाला सांगता, असं गाव व्हा. तिथल्या लोकांचं कौतुक मलाही आहे. पण मराठवाड्यात साडेआठ हजार गावं आहेत. प्रत्येक गावात तसं नेतृत्व आणि तशी एकी उभी राहीपर्यंत थांबायचं का? आमच्या गावात दोन गट आहेत, भावकी आहे, जुने वाद आहेत. अशा साध्या गावांसाठीच कायदा लागतो. शेजाऱ्याच्या बोअरला विरोध केला की उद्या त्याच्या बांधावरून जाता येत नाही. तो वाईटपणा गावातल्या चार बायकांनी का घ्यावा? सरकारनं घ्यावा.

आमच्या मागण्या अशा आहेत.

सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या प्रत्येक विहिरीभोवतीचा ५०० मीटरचा परिसर गट नंबरांसह नकाशावर आखा आणि तो नकाशा ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा. त्या गटांत नवा शेतीचा बोअर होणार नाही याची जबाबदारी कुठल्या अधिकाऱ्याची, त्याचं पदनाम नकाशाखालीच लिहा, म्हणजे आम्हाला टेबलं शोधत फिरावं लागणार नाही.

बोअरची गाडी नोंदणी क्रमांकाशिवाय तालुक्यात फिरता कामा नये. बोअर घेण्याआधी ग्रामपंचायतीला कळवणं आणि घेतल्यावर खोली, पाणी कुठे लागलं, किती लागलं याची नोंद देणं सक्तीचं करा. ऑपरेटर हा हिशेब तसाही ठेवतात, कारण त्यांचे पैसे फुटावर ठरतात.

६० मीटरची मर्यादा आधी नव्या बोअरना लावा. जे आधीच खोल आहेत, त्यांना लगेच गुन्हेगार ठरवू नका. पण टंचाई जाहीर झाली की स्रोताजवळच्या खोल बोअरवरचा शेतीचा उपसा थांबवा, आणि त्या शेतकऱ्याला त्या हंगामाची भरपाई द्या. टँकरवर जातं त्यातून हे भागेल का, याचा हिशेब आपण शासनाकडून मागवा.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजते. ऑक्टोबरचा आकडा नोव्हेंबरात ग्रामसभेपुढे ठेवा. रब्बीत काय पेरायचं हे त्यानंतर ठरवता येतं. एप्रिलमध्ये कळून उपयोग नाही.

पाणलोट समित्या नेमा आणि त्यात निम्म्या बायका घ्या. सहीपुरत्या नकोत, पाणी भरणाऱ्या हव्यात.

नळयोजनेचं देयक अदा करण्याआधी एक पूर्ण उन्हाळा पाणी मिळालं का ते पाहा.

आणि मराठवाड्यात नव्या साखर कारखान्याला किंवा वाढीव गाळपाला परवानगी देण्याआधी, त्या उसाला पाणी कुठून येणार याचं उत्तर सभागृहात लेखी मागा. हे काम आपल्याशिवाय दुसरं कुणी करू शकत नाही.

टंचाई कृती आराखड्याचा पहिला टप्पा ऑक्टोबर ते डिसेंबरचा असतो. चांगल्या पावसाच्या वर्षी तो कागदावर ‘निरंक’, म्हणजे कोराच जातो. याच वर्षी तो निरंक जाऊ देऊ नका. आज पाणी आहे, लोक तहानलेले नाहीत, भांडणं कमी आहेत, नियम लावायला हीच वेळ बरी. पुन्हा खंड पडला की कुणी कुणाचं ऐकणार नाही आणि आपल्यालाही टँकरच्या मागणीशिवाय दुसरं काही सुचणार नाही.

२६ जानेवारीला आमची ग्रामसभा आहे. या पत्राच्या प्रती आपल्या सर्वांच्या कार्यालयांत पोस्टानं पाठवल्या आहेत. ज्यांचं लेखी उत्तर येईल, ते त्या दिवशी नावासह वाचून दाखवू. ज्यांचं येणार नाही, त्यांचीही यादी वाचू. त्याच सभेत सार्वजनिक विहिरीभोवतीचे गट नंबर आम्ही स्वतः मोजून ठराव घेणार आहोत. तो ठराव आपल्याकडे येईल तेव्हा त्यावर कार्यवाही व्हावी, ही विनंती.

आपली,
मांजरा खोऱ्यातली एक शेतकरी, माजी ग्रामपंचायत सदस्य